चालू मशीनला हात कशाला लावायचा? एएस/४०० च्या डेटाबेसचे पॅच आणि त्यातला छोटा व्यवसाय



कमी भांडवलात सुरू होणाऱ्या सर्व्हिस व्यवसायांबद्दल आपली मालिका चालू आहे. एसी दुरुस्ती झाली, सीसीटीव्हीची वार्षिक देखभाल झाली. यावेळचा विषय जरा वेगळा आहे आणि व्हिडिओत तो पूर्ण मावला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. ज्यांनी आयटी कंपनीत पाच-सात वर्षं काढली आहेत आणि आता स्वतःचं काहीतरी करावं असं वाटतंय, त्यांनी नीट वाचा. ज्यांचा कॉम्प्युटरशी फारसा संबंध नाही, त्यांनीही वाचा, कारण "न दिसणारं काम विकायचं कसं" हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो.

मशीन कुठलं, ते आधी सांगतो. आयबीएमने जून १९८८ मध्ये एएस/४०० नावाचा कॉम्प्युटर बाजारात आणला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रोचेस्टर नावाचं गाव आहे, तिथे तो तयार झाला. बँकांच्या अवाढव्य मेनफ्रेमपेक्षा लहान आणि टेबलावरच्या पीसीपेक्षा मोठा, म्हणून त्याला मिडरेंज म्हणतात. कारखाना, वितरक, विमा कंपनी, गोदाम अशा ठिकाणी स्टॉक, बिलं, पगार, खातेवही सगळं एका मशीनवर. पुढे नावं बदलत गेली: आयसिरीज, सिस्टिम आय, आणि २००८ पासून पॉवर सर्व्हरवर चालणारी आयबीएम आय. पण काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं बघितली की लोक अजूनही "एएस फोर हंड्रेड"च म्हणतात. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत परदेशी ग्राहकांसाठी यावर काम करणारी भरपूर मंडळी आहेत. तुमच्यातलेही काही असतील.

हे मशीन इतकं भरवशाचं आहे की मालक त्याला विसरून जातो. दसऱ्याला झेंडूचा हार घालतो, हळदकुंकू लावतो, आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत त्याच्याकडे बघत नाही. तुमची संधी नेमकी इथे आहे, आणि अडचणही इथेच आहे.

"आमच्याकडे डेटाबेस नाहीच"

मालकाला विचारा, तुमचा डेटाबेस कुठला? बहुतेक वेळा उत्तर येतं, "डेटाबेस वगैरे काही नाही हो, फक्त एएस/४०० आहे." यात त्यांचा दोष नाही. इतर ठिकाणी डेटाबेस वेगळा विकत घेऊन बसवावा लागतो. इथे तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या आतच असतो. त्याचं नाव डीबी टू फॉर आय. तो वेगळा दिसत नाही, म्हणून त्याला वेगळी देखभाल लागते हे कोणाच्या लक्षात येत नाही.

अशा लपलेल्या डेटाबेसने काय होऊ शकतं याचं दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरचं एक उदाहरण देतो. २५ जानेवारी २००३ रोजी स्लॅमर नावाचा वर्म इंटरनेटवर पसरला. त्याने मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधल्या एका फटीचा फायदा घेतला. ही फट बुजवणारा पॅच जुलै २००२ मध्येच आलेला होता, म्हणजे सहा महिने आधी. तरी हजारो मशीन सापडली. त्यातल्या कित्येकांच्या मालकांना आपल्याकडे हा डेटाबेस आहे हेच माहीत नव्हतं, कारण त्याची छोटी आवृत्ती दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात बसून आली होती. एएस/४०० वर स्लॅमर चालला नाही, चालणारही नव्हता. पण "आपल्याकडे काय आहे हेच माहीत नाही" हा आजार इथेही तोच आहे.

पॅच नेमका कशासाठी?

आयबीएम आयच्या जगात पॅचला पीटीएफ म्हणतात. पूर्ण रूप प्रोग्रॅम टेम्पररी फिक्स. सुटे पीटीएफ हजारो असतात, म्हणून आयबीएम त्यांचे गट करून देते. एक मोठं एकत्रित पॅकेज असतं, त्याला क्युम म्हणतात. हायपर म्हणून एक गट असतो, त्यात गंभीर आणि अनेकांना भोवणाऱ्या चुकांचे उपाय असतात. सुरक्षेचा वेगळा गट. आणि डीबी टूचा वेगळा गट, त्याला प्रत्येक आवृत्तीसाठी स्वतंत्र नंबर आहे: ७.३ साठी एसएफ९९७०३, ७.४ साठी एसएफ९९७०४, ७.५ साठी एसएफ९९९५०. गटाची लेव्हल वाढत जाते. नवीन लेव्हलमध्ये जुन्या लेव्हलचं सगळं असतंच, त्यामुळे दहा लेव्हल चुकल्या असल्या तरी एकेक बसवत बसायचं नाही, शेवटची घेतली की पुरे.

आता मालकाला पटेल असं कारण. पॅच म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हॅकर येतो. हॅकरचा धोका आहेच, आयबीएम आयसाठीही सुरक्षेच्या सूचना निघतातच. पण डीबी टूच्या गटात आणखी एक प्रकार असतो आणि धंद्याच्या दृष्टीने मला तो जास्त भीतीदायक वाटतो. आयबीएम चुकांची नोंद करताना त्यांचे प्रकार पाडते. मशीन अडकलं, प्रोग्रॅम बंद पडला, वेग मंदावला, वगैरे. त्यातला एक प्रकार "इनकरेक्ट आउटपुट". म्हणजे क्वेरी चालली, एरर आला नाही, रिपोर्ट छापला गेला, आणि त्यातला आकडा चुकीचा आहे.

जरा थांबून विचार करा. बंद पडलेलं मशीन निदान ओरडून सांगतं. चुकीची बेरीज ओरडत नाही. एखाद्या विशिष्ट प्रकारच्या क्वेरीत काही ओळी गळल्या, तर थकबाकीच्या यादीतून एखादा ग्राहकच गायब होतो आणि वसुलीचा माणूस त्याला फोन करत नाही. अशा चुका विशिष्ट परिस्थितीतच होतात, रोज होत नाहीत. पण ती परिस्थिती तुमच्या ग्राहकाच्या रिपोर्टमध्ये आहे की नाही हे कोणी तपासून ठेवलेलं नसतं.

पहिली भेट: फक्त बघायचं, हात लावायचा नाही

तुम्ही भोसरीच्या एखाद्या कारखान्यात गेलात असं धरून चालू. संवाद साधारण असा होतो.

"काका, मशीनवर शेवटचे पॅच कधी बसवले?"

"अरे बाबा, चालतंय ना मशीन? चालू मशीनला हात कशाला लावायचा?"

इथे वाद घालू नका. "बरोबर आहे काका, मी हात लावत नाही. फक्त अर्धा तास बघून एका कागदावर लिहून देतो. पैसे नकोत." एवढंच म्हणा. या अर्ध्या तासात चार गोष्टी बघायच्या.

पहिली, आवृत्ती. ७.३ ला आयबीएमचा नेहमीचा सपोर्ट ३० सप्टेंबर २०२३ ला संपला. तिथे अडकलेल्या ग्राहकाला पॅचची सेवा विकणं म्हणजे फसवणूक आहे, त्याला अपग्रेड लागेल हे सरळ सांगा. आणि अपग्रेड म्हणजे कधी कधी नवीन मशीनच: ७.४ ला किमान पॉवर८ लागतं, ७.५ ला पॉवर९. पॉवर७ च्या मशीनवर ७.३ च्या पुढे जाताच येत नाही.

दुसरी, सपोर्टचा करार. पीटीएफ उतरवून घ्यायला आयबीएमचा सॉफ्टवेअर मेंटेनन्स करार चालू असावा लागतो, आणि तो त्या मशीनच्या नावावर लागतो. करार संपलेला असेल तर दुसऱ्या ग्राहकाच्या नावावर पॅच उतरवून इथे बसवायचा मोह होईल. करायचं नाही. एकदा केलंत की तुमचा व्यवसाय कोणाच्या तरी तक्रारीवर टांगलेला राहतो. करारात खंड पडल्यावर तो पुन्हा सुरू करताना जादा पैसे पडतात, हेही मालकाला आधी सांगा.

तिसरी, गटांची अवस्था. "वर्क विथ पीटीएफ ग्रुप्स" ही स्क्रीन उघडा. प्रत्येक गटासमोर लेव्हल आणि स्टेटस दिसतं. इथे एक खाच आहे, ती नीट लक्षात ठेवा. स्टेटस "इन्स्टॉल्ड" असेल तर ठीक. पण कधी कधी "अप्लाय अॅट नेक्स्ट आयपीएल" असं दिसतं. म्हणजे कोणीतरी पॅच मशीनवर चढवून ठेवलाय, पण मशीन रीस्टार्ट केलेलं नाही, त्यामुळे तो लागूच झालेला नाही. (आयपीएल म्हणजे क्रिकेट नव्हे, इनिशियल प्रोग्रॅम लोड. साध्या भाषेत मशीन पुन्हा सुरू करणं.) हे मशीन वर्षानुवर्षं बंद न करता चालतं, त्याचाच हा तोटा. मालकाने पॅचचे पैसे दिलेले असतात, बिल फाइलला लावलेलं असतं, आणि पॅच मात्र रांगेत उभा.

आयबीएमकडे सध्या कुठली लेव्हल उपलब्ध आहे, हे बघण्यासाठी सिसटूल्स लायब्ररीत ग्रुप पीटीएफ करन्सी नावाचा तयार व्ह्यू आहे. एका साध्या सिलेक्टने बसवलेली लेव्हल आणि उपलब्ध लेव्हल शेजारीशेजारी दिसते. त्यासाठी मशीनला बाहेर इंटरनेट लागतं. बऱ्याच कारखान्यांत ते मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, आणि ठेवलेलं बरंच. मग मशीनवरची लेव्हल वहीत लिहून घ्या आणि आपल्या लॅपटॉपवर आयबीएमच्या यादीशी ताडून बघा. पाच मिनिटांचं काम.

चौथी, डिस्क. एखादी डिस्क आधीच नापास झालेली आहे का? रेडमुळे मशीन चालत राहतं आणि कोपऱ्यात लुकलुकणारा पिवळा दिवा कोणी बघत नाही. खूप दिवस बंद न झालेलं मशीन रीस्टार्ट करताना जुन्या डिस्क दगा देऊ शकतात. ते तुमच्या पॅचच्या दिवशी झालं तर दोष कोणावर येणार, सांगायला नको.

हे सगळं एका पानावर, मराठीत, तारखेसह लिहून द्या. आज काय आहे, काय असायला हवं, फरक किती. सल्ला दोन ओळींत. मालक ते पान आपल्या सीएला दाखवतो, मुलाला दाखवतो, आणि मग फोन येतो.

खरं काम रविवारचं नाही

फोन आला की नवीन माणूस लगेच विचारतो, "सर, इन्स्टॉल कसं करायचं?" इन्स्टॉल हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. पीटीएफचा मेनू आहे, त्यात आठ नंबरचा पर्याय आहे, पूर्ण पॅकेज बसवतो. सरावाचा माणूस ते झोपेत करेल. ग्राहक पैसे देतो ते त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कामाचे.

आधीचं काम म्हणजे वेळ मिळवणं. मशीन सहा-आठ तास बंद ठेवायला परवानगी हवी. कारखान्याची दिनदर्शिका मागून घ्या. पिंपरी-भोसरी पट्ट्यात अनेक कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, त्यांना रविवार नको असतो. ३१ मार्चच्या आसपास नको. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटीची रिटर्न असतात, त्याच्या आदल्या दिवशी नको. पगाराच्या दिवशी तर नावच काढू नका. दिवाळीची सुट्टी चांगली वाटते, पण त्या दिवसांत काही अडलं तर मदतीला कोणी फोन उचलत नाही. मी साधा शनिवार-रविवार पसंत करतो, महिन्याच्या २२ ते २७ च्या दरम्यान.

मग ज्यांनी ईआरपी लिहिलंय त्यांना कळवा. त्यांची लेखी "हरकत नाही" मागा. एवढ्या एका ईमेलने सोमवारची अर्धी भांडणं टळतात.

लेव्हल कुठली घ्यायची? ताजी म्हणजे उत्तम असं नेहमी नसतं. पॅचमध्येही चुका निघतात. आयबीएम असे सदोष पीटीएफ जाहीर करते आणि त्यावर उपाय देते. म्हणून नवीन लेव्हल आली की त्याच आठवड्यात उडी मारू नका. दोन-तीन आठवडे थांबा, सदोष पीटीएफची यादी बघा, सोबत येणारं कव्हर लेटर वाचा. कव्हर लेटर कोणी वाचत नाही. त्यातच लिहिलेलं असतं की हा पॅच बसवण्याआधी अमुक करा, नंतर तमुक चालवा. सुरक्षेचा गंभीर पॅच असेल तर मात्र तीन आठवडे थांबणं परवडत नाही, तिथे मालकाला फोन करून वेगळी वेळ मागायची.

आणि परतीचा रस्ता. पीटीएफ दोन प्रकारे लागतो: टेम्पररी आणि पर्मनंट. टेम्पररी लावला तर जुना कोड बाजूला जपून ठेवला जातो आणि गरज पडली तर पॅच काढता येतो. पर्मनंट केला की मागे जाता येत नाही. म्हणून नवीन पॅच नेहमी टेम्पररी लावायचा, तीन महिने नीट चालू द्यायचा, आणि पुढची फेरी आली की जुने पर्मनंट करून मग नवे टेम्पररी चढवायचे. याच्या खाली आणखी एक जाळी हवी: पूर्ण सिस्टिमचा बॅकअप. सेव्ह मेनूमधला २१ नंबरचा पर्याय सगळं टेपवर घेतो, पण त्यासाठी सगळ्या वापरकर्त्यांना बाहेर काढावं लागतं. टेप वाचता येते का, हे आधीच एकदा तपासा. शेल्फवर ओळीने लावलेल्या टेपा म्हणजे बॅकअप असं समजू नका.

एक बारीक गोष्ट: कन्सोल. मशीन सुरू होताना अडलं तर नेटवर्कवरून काहीच दिसत नाही, कन्सोलच लागतो. कित्येक ठिकाणी कन्सोलचा जुना पीसी अडगळीत असतो किंवा त्याचा पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या माणसाला माहीत असतो. शुक्रवारीच तो चालू करून बघा.

रविवारी काय होतं? बॅकअप, इन्स्टॉल, रीस्टार्ट, आणि चहा. पॅच लागतानाचा रीस्टार्ट नेहमीपेक्षा लांबतो, कधी मशीन स्वतःहून दुसऱ्यांदाही रीस्टार्ट होतं. घाबरून पॉवरचं बटण दाबायचं नाही.

सोमवारी सकाळी तुम्ही तिथेच असायला हवं

रीस्टार्ट झाल्यावर डीबी टूने साठवलेले क्वेरीचे आराखडे पुसले जातात. एसक्यूएलवर चालणारा मोठा रिपोर्ट सकाळी पहिल्यांदा चालवला की मशीनला नव्याने विचार करावा लागतो, म्हणून तो हळू चालतो. अकाउंट्समधल्या ताई लगेच म्हणणार, "काल काय केलंत हो, सिस्टिम स्लो झाली." हे शनिवारीच सांगून ठेवलं असेल तर त्या हसतील. नसेल सांगितलं तर दुपारपर्यंत ही गोष्ट मालकापर्यंत तिखटमीठ लावून पोचते.

आता सगळ्यात महत्त्वाची तपासणी. शनिवारी काम बंद झाल्यावर ठरलेले पाच आकडे छापून घ्यायचे: ट्रायल बॅलन्सची बेरीज, एकूण थकबाकी, स्टॉकची किंमत, मागच्या महिन्याची विक्री, आणि मालक रोज बघतो तो एखादा रिपोर्ट. रविवारी पॅच लागल्यावर तेच पाच पुन्हा छापायचे. जुळले की दोन्ही कागदांवर सही घ्यायची.

नाही जुळले तर? पहिला विचार येतो की पॅचने बिघडवलं, काढून टाका. थांबा. आधी सांगितलेला चुकीच्या बेरजेचा प्रकार आठवा. कदाचित पॅचने काही बिघडवलेलं नसेल, कदाचित आधीचाच आकडा चुकीचा होता आणि आत्ता बरोबर आलाय. हाताने मोजता येईल इतका लहान भाग घ्या, एका ग्राहकाची एका महिन्याची बिलं, आणि कागदावर बेरीज करा. मगच ठरवा पॅच काढायचा की मालकाला घेऊन बसायचं. हे काम करू शकणारा माणूस फार कमी ठिकाणी असतो, आणि त्याला ग्राहक सोडत नाही.

दर किती लावायचा

तासाने विचार करा. तिमाहीत एकदा ही फेरी करायची असं धरा. तपासणी २ तास, नियोजन आणि फोनाफोनी ३ तास, रविवार ८ तास, सोमवार २ तास. झाले १५. वर्षाला ६०. समजा तुमचा दर तासाला १,५०० रुपये, तर एका ग्राहकाचे वर्षाला ९०,००० होतात. पाच ग्राहक असतील तर वर्षातले वीस शनिवार-रविवार त्यातच जातात. म्हणजे नोकरी सांभाळून सुरुवात करायची तर दोन किंवा तीन ग्राहक पुरेत. नोकरीच्या करारात बाहेरचं काम चालतं का, तेही वाचून घ्या.

"दर पॅचला इतके" असा दर कधीही लावू नका. मग मालक म्हणतो, यावेळी राहू दे, पुढच्या वेळी बघू. वार्षिक करार करा आणि त्यात तीन गोष्टी लिहून घ्या: मशीन बंद ठेवायच्या चार तारखा, बॅकअपची जबाबदारी कोणाची, आणि हार्डवेअर बिघडलं तर ते तुमच्या कक्षेत येत नाही हे. मशीनचा सर्वात मोठा अधिकार असलेला पासवर्ड स्वतःकडे ठेवू नका. तुमच्या नावाचा वेगळा युजर काढून घ्या, काम झालं की तो बंद करायला सांगा. मालकाला हे आवडतं, आणि उद्या काही हरवलं तर तुमच्याकडे बोट येत नाही.

ज्यांचा हिरव्या स्क्रीनशी संबंध तुटून बरीच वर्षं झालीत, त्यांच्यासाठी पब४०० नावाचा एक सर्व्हर आहे, जर्मनीतून चालतो, शिकण्यासाठी मोफत खातं मिळतं. तिथे पॅच बसवायला अर्थातच मिळणार नाही, पण कमांड आणि एसक्यूएलचा हात पुन्हा बसेल. पहिल्या भेटीच्या त्या एका पानाचा नमुना पुढच्या व्हिडिओत भरून दाखवतो. तोपर्यंत तुमच्या ओळखीतल्या एका कारखान्यात जाऊन एवढंच विचारून या: तुमचं मशीन शेवटचं रीस्टार्ट कधी केलं होतं?